सुई नवी, पाणी जुनं: एका सुई-सिरिंज केंद्राबद्दल

ज्यांना फक्त निष्कर्ष हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. केंद्र, म्हणजे ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांना संसर्ग टळावा म्हणून नव्या सुया-सिरिंजा देणारी जागा, चांगलं आहे, पाचपैकी चार गुण. घरातलं किंवा ओळखीतलं कुणी नसेतून ड्रग्ज घेत असेल तर त्याला तिथे जाऊ द्या, आणि तो नको म्हणत नसेल तर सोबत जा. एक गुण कापलाय तो अठराच्या आतल्या मुलांसाठी आणि मुलींसाठी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त धोका नेमका त्यांनाच आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर नस शोधायची, रक्त काढायचं, ट्यूबवर लेबल लावायचं, सुई डब्यात टाकायची. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे आणि तो इंजेक्शनने घेतो. लिहिण्याआधी त्याला विचारलं. म्हणाला, "ताई, लिही. फक्त नाव नको टाकूस." म्हणून त्याचं नाव नाही, आणि केंद्राचंही नाही. तिथे येणाऱ्या मुलांना त्या दारावर उगाच कुणाची नजर नको असते.

आत गेल्यावर ओळखपत्र मागत नाहीत. आद्याक्षरं आणि जन्मवर्ष घेऊन एक कोड बनवतात आणि तो कार्डावर लिहून देतात, बस्स. पहिल्यांदा गेलो तेव्हा भाऊ दाराजवळच्या खुर्चीत अर्धवट टेकून बसला होता, कधीही उठून पळता येईल असा. काउंटरवरचा माणूस स्वतः एकेकाळी घेणारा. त्याने व्यसनाचा इतिहास विचारला नाही. "आज काय हवंय?" एवढंच विचारलं. मग साहित्य काढता काढता, "एकटा असताना घेतोस की सोबत कुणी असतं?" भावाने उत्तर दिलं. घरी याच प्रश्नाला आम्हाला कितीतरी महिने उत्तर मिळालं नव्हतं. तो माणूस ऐकून घेत होता आणि ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर कसलाही धक्का नव्हता. मला वाटतं, या केंद्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. बाकी सगळं साहित्य इतरत्रही मिळू शकेल.

आता साहित्याबद्दल. कापडी पिशवीत काय काय येतं: सिरिंजा, निर्जंतुक पाण्याच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या, माल पाण्यात विरघळवायला एकदाच वापरायच्या अॅल्युमिनिअमच्या लहानशा वाट्या, गाळण्या, स्पिरिटचे स्वॅब, कोरडे कापसाचे बोळे, दंडाला बांधायचा पट्टा, आणि वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा. डबा खिशात मावेल एवढा लहान, आणि आत टाकलेली सुई बाहेर काढता येत नाही अशा तोंडाचा.

सिरिंजवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. आमच्या लॅबमध्ये सुई वेगळी निघते अशी सिरिंज असते. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सिरिंजचं टोक आणि सुईचा प्लास्टिकचा बुडखा यांच्यामध्ये थोडी पोकळी उरते आणि तिथे द्रव अडकून राहतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, कारण ती सिरिंज दुसऱ्या पेशंटपर्यंत जातच नाही. पण जिथे एक सिरिंज दोघातिघांत फिरते, तिथे त्या पोकळीत राहतं ते रक्त. केंद्रात देतात ती सिरिंज इन्सुलिनची असते तशी, सुई कायमची जोडलेली, मध्ये पोकळी जवळजवळ नाहीच. घरी मी दोन्ही प्रकारच्या सिरिंजांत शाई मिसळलेलं पाणी ओढलं, दट्टे पूर्ण दाबून रिकाम्या केल्या, मग पुन्हा साधं पाणी ओढून पांढऱ्या कागदावर सोडलं. लॅबमधल्या सिरिंजमधून पडलेला ठिपका निळा होता. केंद्रातल्या सिरिंजचा ठिपका कागद उजेडात धरल्याशिवाय दिसेना. भाऊ शेजारी उभा राहून बघत होता. त्याने तो कागद बराच वेळ हातात धरला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्येच शिफारस केली आहे की सुई-सिरिंज कार्यक्रमांनी कमी पोकळीच्या सिरिंजा द्याव्यात. अडचण अशी की जोडलेली सुई आखूड आणि बारीक असते आणि सिरिंजही लहान, त्यामुळे काही मुलांना ती चालत नाही. मग ती जवळच्या मेडिकलमधून मोठी सिरिंज आणतात. या केंद्राने त्यावर तोडगा ठेवला आहे. सुई बदलता येते पण पोकळी कमी राहते अशाही सिरिंजा असतात, त्या त्यांच्याकडे आहेत. मागितल्या तर देतात. न मागता मात्र दाखवत नाहीत, तेव्हा मागा.

आता मूळ मुद्दा. भाऊ मला शपथेवर सांगायचा की त्याने दुसऱ्याची सुई कधीच वापरली नाही, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. एचआयव्हीची भीती या मुलांच्या मनात पक्की बसलेली असते. तरीही त्याला हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार, निघाला. कसा, ते केंद्रातल्या नर्सने टेबलावर मांडून दाखवलं.

तिने एक वाटी ठेवली, पाण्याचा एक ग्लास, आणि चार सिरिंजा. चार मुलं, सगळ्यांच्या हातात आपापली सिरिंज. त्यातल्या एकाची सिरिंज सकाळचीच, पण त्याची स्वतःचीच. त्याला वाटतं, माझीच आहे, मला काय होणार. तो ती ग्लासात बुडवून पाणी ओढतो. सिरिंजमधलं डोळ्यांना न दिसणारं रक्त त्या क्षणी पाण्यात उतरतं. मग बाकीचे तिघं नव्याकोऱ्या, पाकीट फाडून काढलेल्या सुया त्याच ग्लासात बुडवतात. किंवा माल एकाच वाटीत, एकाच कापसातून ओढतात. किंवा समान वाटणी व्हावी म्हणून एकाच सिरिंजने मोजून दुसऱ्यांच्या सिरिंजांत भरतात. कुणीही कुणाची सुई टोचून घेतलेली नाही. तरी विषाणू चौघांकडे पोचला.

हे ऐकताना मला लॅबमधलं आमचं सगळं काम आठवलं. नुसती सुई नवी असून आमचं चालत नाही. ट्यूब नवी, कापूस नवा, हातमोजे नवे, आणि एका पेशंटचं काहीही दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. या मुलांना आपण सगळ्यांनी मिळून फक्त सुईचं सांगितलं. भिंतीवरच्या पोस्टरवर सुई, शाळेतल्या भाषणात सुई. वाटी, कापूस आणि पाणी यांचं नावही कुणी काढलं नाही.

हिपॅटायटिस सीचा विषाणू चिवट आहे. प्रयोगशाळेत जास्त पोकळीच्या सिरिंजमध्ये तो 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे, आणि पाण्यात तीन आठवड्यांपर्यंत. एचआयव्ही सिरिंजमध्ये तापमानानुसार 42 दिवसांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे "कालची आहे, सुकली असेल" या हिशेबाला काही अर्थ नाही. वाटी खालून तापवतात ना, मग विषाणू मरत असेल, असं भावाला वाटायचं. तेवढ्या थोड्या वेळच्या तापवण्यावर भरवसा ठेवता येत नाही. ब्लीचने सिरिंज धुणं हा अगदी काहीच हाताशी नसताना करायचा उपाय आहे, आणि हिपॅटायटिस सीसाठी तर फारच बेभरवशाचा. प्रत्येक वेळी प्रत्येकाचं सगळं वेगळं, हाच खरा उपाय. म्हणूनच त्या पिशवीतली पाण्याची कुपी मला सिरिंजइतकीच महत्त्वाची वाटते. एकाने फोडायची, एकदाच वापरायची, उरलेलं पाणी टाकून द्यायचं.

नव्याने सुरू केलेल्यांना हा आजार लवकर गाठतो, पहिल्या काही वर्षांतच. त्याची कारणंही या ग्लासाभोवतीच सापडतात. नवख्या मुलाला स्वतः टोचून घेता येत नाही. कुणीतरी मोठा, अनुभवी मुलगा त्याला टोचतो, आणि तो आधी स्वतः घेतो. साहित्य त्याचं, पाणी त्याचं, वाटी त्याची. नवखा मुलगा त्याला "आधी हात धू, नवी कुपी फोड" असं कुठल्या तोंडाने म्हणणार? मुलींचं तर बहुतेकदा असं होतं की टोचणारा मित्र किंवा नवराच असतो आणि ती दुसऱ्या नंबरवर. केंद्रातल्या नर्सने हे सांगितलं तेव्हा शेजारी बसलेल्या एका मुलीने मान हलवली आणि खाली बघितलं.

तपासणीला त्यांना शंभर टक्के गुण. बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी तिन्हींच्या रॅपिड टेस्ट तिथेच होतात. मी टेक्निशियनच्या नजरेने बघत होते. किट एक्स्पायरीच्या आतलं, वेळ घड्याळ लावून, कंट्रोलची रेष तपासून मगच निकाल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निकाल सांगताना त्यांनी जे समजावलं ते अनेक मोठ्या ठिकाणी समजावत नाहीत. सीची पॉझिटिव्ह रेष म्हणजे शरीरात अँटिबॉडी आहेत, म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला किंवा अजून आहे. दहापैकी साधारण तीन जणांचं शरीर उपचाराशिवायच सहा महिन्यांत विषाणू काढून टाकतं, पण अँटिबॉडी तशाच राहतात. म्हणून पुढे आरएनएची, म्हणजे विषाणू अजून रक्तात आहे का ते बघणारी, चाचणी केल्याशिवाय काहीही ठरवायचं नाही. आणि उलट बाजूही सांगितली. अँटिबॉडी तयार व्हायला आठ ते अकरा आठवडे लागू शकतात, तेव्हा मागच्याच महिन्यात धोका झाला असेल तर आजची निगेटिव्ह रेष धरून चालता येत नाही, पुन्हा यायचं. बी निगेटिव्ह आला त्यांना लसीचं सांगतात. बीला लस आहे, सीला नाही.

भावाचा आरएनए पॉझिटिव्ह आला. इथून पुढची गोष्ट केंद्राबाहेरची, पण केंद्राचं मोल त्यातूनच कळतं. उपचारासाठी ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी सांगितलं, "आधी हे धंदे बंद कर, सहा महिने क्लीन राहा, मग बघू." भाऊ उठून बाहेर गेला तो रस्त्याच्या पलीकडेच जाऊन थांबला. आज जगातल्या कुठल्याही गंभीर मार्गदर्शक सूचनेत अशी अट नाही. व्यसन चालू आहे म्हणून हिपॅटायटिस सीचं औषध नाकारू नये, असंच त्या सांगतात. 2022 पासून तर जागतिक आरोग्य संघटना किशोरांनाही, अगदी तीन वर्षांपासूनच्या मुलांनाही, गोळ्यांचे उपचार द्या म्हणते. आणि उपचारही आता पूर्वीसारखा नाही. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा काळ गेला. रोजच्या गोळ्या, बहुतेकांना आठ ते बारा आठवडे, आणि 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात.

केंद्रातला तो काउंटरवरचा माणूस भावासोबत दुसऱ्या दवाखान्यात गेला. स्वतःची सुट्टी टाकून. रांगेत उभा राहिला, डॉक्टरांशी बोलला, पुढच्या तारखा स्वतःच्या फोनमध्ये लावून ठेवल्या. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा केला, तो आढळला नाही. रिपोर्ट मी हातात घेऊन तीनदा वाचला, रोज असेच रिपोर्ट छापत असूनही. पण नर्सने त्याच दिवशी आठवण दिली की बरं झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. अँटिबॉडी राहतात, त्या संरक्षण देत नाहीत. म्हणून पिशवी घेणं चालूच.

जखमांसाठी मागच्या खोलीत एक कोपरा आहे. दोन खुर्च्या, एक दिवा, ड्रेसिंगची ट्रॉली. गळू झालेली मुलं दवाखान्यात जात नाहीत, कारण हात दाखवावा लागतो. इथे येतात. भावाच्या कोपराजवळ लाल, गरम, कडक असा भाग झाला होता. नर्सने बॉलपेनने त्या लाल भागाच्या कडेने रेष ओढली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. म्हणाली, उद्या सकाळपर्यंत लाली या रेषेबाहेर गेली, ताप आला, किंवा थंडी वाजली तर इकडे येऊ नकोस, सरळ इमर्जन्सीत जा. इतकी साधी गोष्ट, आणि ती बघून मला घरी रात्री काय बघायचं ते कळलं. दर दोन तासांनी मी टॉर्च घेऊन ती रेष बघत होते. लाली आतच राहिली.

तिथेच कळलेल्या काही गोष्टी सगळ्यांना माहीत असाव्यात म्हणून लिहिते. स्पिरिटचा स्वॅब आधी, एकाच दिशेने पुसायचा आणि वाळू द्यायचा. नंतर कोरडा बोळा दाबायचा, कारण स्पिरिटने रक्त थांबायला उशीर होतो. सुई किंवा सुईचं टोक चाटायचं नाही, बरीच मुलं चाटतात आणि तोंडातले जंतू थेट रक्तात जातात. लिंबाचा रस तर कधीच नाही. त्यातून बुरशी रक्तात जाऊन डोळ्यांपर्यंत पोचते आणि दृष्टी जाऊ शकते, असं घडलेलं आहे. आणि जो ताप चार-पाच दिवस उतरत नाही, सोबत दम लागतो, तो साधा फ्लू समजू नका. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि त्याला आठवडेच्या आठवडे शिरेतून अँटिबायोटिक लागतात. तिथे डॉक्टरला खरं सांगा की इंजेक्शन घेतो. लपवलं तर डॉक्टर दुसरंच काही शोधत बसतात.

नालोक्सोनही मिळतं, ओव्हरडोस झालेल्याचा श्वास परत आणणारं औषध, नाकात मारायचा स्प्रे. घरच्या माणसांनाही शिकवतात, आणि पंधरावीस मिनिटांत शिकवून होतं. ओठ निळे, श्वास मंद किंवा घुरघुरल्यासारखा, हाक मारून, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासूनही उठत नाही, तर ॲम्ब्युलन्सला फोन, स्प्रे, आणि श्वास द्यायचा. शुद्धीवर आला तरी त्याला सोडून जायचं नाही. नालोक्सोनचा परिणाम 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि ड्रग अजून शरीरात असतं. ते फक्त हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल अशा अफूच्या जातीच्या ड्रग्जवर चालतं, पण काय घेतलंय ते माहीत नसेल तरी द्यायचं, अपाय होत नाही. आमच्याकडे एक स्प्रे फ्रीजच्या वरच्या फळीवर असतो, सगळ्यांना दिसेल असा. आईला सुरुवातीला तो तिथे नको होता. पाहुणे आले की ती तो आत ठेवायची. आता ठेवत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: अठराच्या आतल्यांना पिशवी देत नाहीत. सतरा वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर परत गेला. पालकांची संमती आणा म्हणाले. ज्या मुलाच्या आईवडिलांना काहीच माहीत नाही, तो कसली संमती आणणार? काउंटरवरच्यालाही हे पटत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण नियम वरून आलेला. तो मुलगा त्या संध्याकाळी घेणार नव्हता असं थोडंच आहे. तो कुणाच्या तरी वापरलेल्या सिरिंजने घेणार होता. माझा भाऊ सतराव्या वर्षी सुरू झाला, आणि त्याला लागण बहुधा त्याच काळात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तरुण वयात इंजेक्शन घेणाऱ्यांबद्दल 2015 मध्ये एक वेगळी पुस्तिकाच काढली, त्यात वयाची आणि संमतीची ही अडचण लिहिलेली आहे. माहिती आहे, फक्त दारापर्यंत पोचलेली नाही.

दुसरी, मुली. बसायची जागा एकच, आणि तिथे बहुतेक मोठ्या वयाचे पुरुष. मुलींसाठी वेगळी वेळ नाही, वेगळी खोली नाही. मी बसले होते तेव्हा एक मुलगी आत डोकावली, गर्दी बघितली आणि गेली. तिच्या वाटणीची पिशवी तिचा मित्र नेतो, म्हणजे साहित्य पुन्हा त्याच्या हातात, आणि तो म्हणेल त्याच क्रमाने टोचणं.

तिसरी, वेळ. सकाळी उघडतं, संध्याकाळ व्हायच्या आत बंद. ज्यांना रात्री टर्की येते, म्हणजे ड्रग न मिळाल्याने अंग मोडून येतं, उलट्या होतात, त्यांना त्या वेळी दार बंद आणि कट्ट्यावर सिरिंज तयार. बाहेर निदान एक मशीन तरी लावावं, रात्री तिथून साहित्य घेता येईल. असं अनेक देशांत आहे.

चौथी, मोजून देणं. वापरलेल्या जितक्या आणाल तितक्याच नव्या. दिसायला शिस्तीचं वाटतं. पण रस्त्यात झडती होईल या भीतीने मुलं वापरलेल्या सुया जवळ बाळगतच नाहीत, मग परत काय आणणार? 2030 पर्यंत दर माणशी वर्षाला 300 सुया-सिरिंजा पोचाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य आहे. मोजून दिल्याने ते गाठता येणार नाही.

आणि पाचवी: बुप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं औषध, इथे मिळत नाही, दुसऱ्या ठिकाणी पाठवतात, आणि त्या वाटेत मुलं गळतात. ते आणि त्याच कामाचं मेथाडोन 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. असं औषध नियमित मिळालं तर हिपॅटायटिस सीची लागण साधारण निम्म्याने कमी होते, आणि सोबत पुरेसं सुई-सिरिंजचं साहित्य मिळालं तर जवळजवळ तीन चतुर्थांशाने, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. दोन्ही एकाच छताखाली असतील तर मुलाला एकदाच हिंमत करावी लागेल.

ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, सुया वाटल्या तर व्यसन वाढणार नाही का? हा प्रश्न मला आता राग न येता ऐकता येतो, कारण मीही आधी तोच विचारत होते. 1984 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये ड्रग्ज घेणाऱ्यांच्याच संघटनेने हिपॅटायटिस बीच्या भीतीने सुया बदलून द्यायला सुरुवात केली. त्यानंतर इतक्या ठिकाणी इतकी वर्षं हे चाललं, आणि 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळा पुरावा तपासला तेव्हा यामुळे व्यसन वाढतं याचा पटण्यासारखा पुरावा सापडला नाही. उलट उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली स्कॉट काउंटी बघा. छोटा ग्रामीण भाग, सुयांचा असा कार्यक्रम नाही, आणि 2015 मध्ये एचआयव्हीची लाट आली, 200 हून जास्त लोकांना लागण. तिथलं सरकारही मग सुया वाटायला तयार झालं.

भाऊ अजून घेतो. पूर्वीपेक्षा कमी, एकटा असताना नाही, आणि स्वतःच्याच साहित्याने. बुप्रेनॉर्फिनसाठी नाव नोंदवलं आहे. केंद्राने त्याला व्यसनमुक्त केलं असं मी म्हणणार नाही, तसं वचनही त्यांनी कधी दिलं नव्हतं. त्याचं लिव्हर, त्याचा हात आणि त्याचा जीव त्यांनी शाबूत ठेवला, आणि तो दर आठवड्याला कुणाशी तरी खरं बोलतो. माझ्यासाठी चार गुणांना एवढं पुरेसं आहे.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. दुपारी जेवणाच्या वेळेनंतर गर्दी कमी असते. जखम असेल तर काउंटरवर तसं म्हणा, लगेच आत घेतात. सुई चुकून दुसऱ्या कुणाला टोचली किंवा दुसऱ्याची वापरली गेली तर वाट बघू नका. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. केंद्र बंद असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. घरात पडलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, टोपण पुन्हा लावायचा प्रयत्न करू नका. जाड प्लास्टिकची, झाकणाची बरणी चालते, भरली की केंद्रात नेऊन द्या, ते काहीही न विचारता घेतात.

दाराजवळ सूचनांची वही टांगलेली आहे, तिच्यात लिहा. मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या: प्रत्येक सिरिंजमागे पाण्याची एक कुपी हवी, कारण तेव्हा पिशवीत सिरिंजा जास्त आणि कुप्या कमी असायच्या, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त मुलींसाठी ठेवा. कुप्यांचं झालं, आता जितक्या सिरिंजा तितक्या कुप्या येतात. मुलींच्या संध्याकाळीबद्दल अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन.